तिचे डबे, माझा डबा

१७ नोव्हेंबर
माळ्यावरून खिडकीची जुनी चौकट खाली काढली. स्लायडिंगच्या खिडक्या बसवल्या तेव्हा शालन म्हणाली होती, साग आहे, टाकू नका, कशाला तरी होईल. झालं. कॅमेरा होईल.
वाळवी नाही. एका कोपऱ्यात खिळे गंजलेत. दिवसभर ऑइलपेंट खरवडत बसलो. शेजारच्या काकू कुंपणावरून, "भाऊ, देव्हारा करताय का?" म्हटलं, नाही, कॅमेरा. त्या हसल्या आणि धुणं वाळत घालायला लागल्या. आमच्या घरात देव्हारा कधीच नव्हता, हे इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

१९ नोव्हेंबर
शालनचा फोन. टाकव्यात, तिच्या माहेरी, थंडी सुरू झाली म्हणे. "येताना मोठं पातेलं आणा, झाकणासकट."
आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, खुबा मोडला म्हणून गेली होती. एक्स-रेची फिल्म दवाखान्यात मीच काढली होती, माझ्या नोकरीतल्या शेवटच्या काही फिल्मांपैकी. "पंधरा दिवस जाऊन येते" म्हणाली. आबा गेले, त्यालाही आता वर्ष होईल. मधल्या काळात टाकव्याच्या कंपन्यांतल्या पोरांना डबे द्यायला लागली. आधी पाच होते, आता चाळीसच्या घरात आहेत. भांडण नाही, रुसवा नाही. फक्त परत आलेली नाही.
आणि दर फेरीला इथलं एकेक भांडं तिकडं चाललंय.

२८ नोव्हेंबर
फिल्मचे डबे उघडून पाहिले (अंधारात, अर्थात). दवाखान्यात सगळं कॉम्प्युटरवर आलं तेव्हा मुदत संपलेले खोके फेकणार होते. मोठ्या डॉक्टरांना विचारून घरी आणले. आठ-दहाच्या साइजची हिरवी फिल्म. लाल दिव्यात हाताळता येते, स्वस्तात मस्त. कॅमेरा त्याच मापाचा. जुनी कॅसेटपण आहे, तिचंच फिल्म-होल्डर करीन.
सगळी नोकरी माणसांची हाडं बघण्यात गेली. चेहरा बघायला वेळ नसायचा. नाव, वय, कुठली बाजू, श्वास घ्या, रोखा, सोडा, पुढचा. शालनचा धड एक फोटो घरात नाही. लग्नातला आहे, त्यात ती खाली बघतेय. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती कुणी वेगळीच बाई वाटते.
एक मात्र आहे. न्हाणीत घसरली होती तेव्हाची मनगटाची फिल्म. पाचही बोटं, बांगड्या काढायला लावल्या होत्या, कोपऱ्यात 'लेफ्ट'चं शिशाचं एल अक्षर. ती पिशवीतून काढून बैठकीच्या खिडकीला चिकटवली. घरातला तिचा सगळ्यात मोठा फोटो हाच.

८ डिसेंबर
भिंग मिळालं! बाजारातला छापखाना बंद झाला, त्यांचा खोलीएवढा कॅमेरा भंगारात जायचा होता. मालक ओळखीचे, त्यांच्या गुडघ्याची फिल्म मी दोनदा काढलेली. पितळी, नारळाएवढं जड. म्हणाले, "न्या भाऊ, त्याच्यासमोर आता कुणी उभं राहत नाही."
शटर नाही. झाकण काढायचं, मनात मोजायचं, झाकण लावायचं. झाकण शोधत घरभर फिरलो. बाम, पावडर, च्यवनप्राश, एकही बसेना. शेवटी मिसळणाच्या डब्यातली मोहरीची वाटी अगदी बसली. हलवलं तरी पडत नाही.
मोहरी आता चहाच्या कपात आहे.

१४ डिसेंबर
टाकवे. पातेलं लोकलमध्ये मांडीवर. कान्हे स्टेशनला उतरून वडापच्या जीपने पुढे.
शालन चुलीपुढे. कमलमावशी भाकऱ्या थापतेय. ही शा.ची लांबची चुलती, डब्यांच्या कामात तिचा उजवा हात. मला बघून, "आलं बगा जावयबापू. पातेलं घिऊन आलं, जेवायचं पान घिऊन न्हाई आलं." शा. हसली. मला बसायला ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला आणि परत आत. कंपनीची गाडी बाराला येते, तोवर ती कुणाची नाही.
दुपारी निवांत झाली. कॅमेऱ्याचं सांगितलं. "म्हंजी मोठा डबाच की," म्हणाली. "माजं चाळीस, तुमचा एक."
तिची बोली परत टाकव्याची झालीय. इथं कुसगावात 'नाही' म्हणायची, आता न्हाई म्हणते. ऐकायला गोड वाटतं आणि आत कुठंतरी टोचतं.
वाटीचं सांगितलं नाही.
संध्याकाळी निघालो. कमलमावशी, "मुक्काम न्हाई का?" दर वेळी विचारते. दर वेळी मी म्हणतो, घर उघडं आहे. घराला कुलूप असतं.
दादा, म्हणजे माझे वडील, सांगायचे ते आठवलं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. सासरवाडीला एका रात्रीच्या वर कधी राहिलो नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात नाही.

२९ डिसेंबर
कॅमेऱ्याच्या मागची, चित्र बघायची काच घासून झाली. गॅरेजमधली ग्राइंडिंग पेस्ट, वर पाणी, वर दुसरी काच, आणि गोल गोल. हात दुखतायत पण काच दुधासारखी झाली.
चौकटीला टेकवून, भिंग समोर धरून, पुठ्ठ्याचं तात्पुरतं खोकं करून पाहिलं. डोक्यावर घ्यायला काळं काही हवं होतं. शा.चं कपाट उघडलं. काळी शाल, थंडीत लेकीच्या शाळेच्या मीटिंगांना साडीवरून घ्यायची ती. घेतली.
आत अंधार. डांबरगोळीचा वास आणि त्याच्या खाली थोडासा तिचा. मग काचेवर हळूहळू अंगण उमटलं. उलटं. लिंबाचं झाड वरून खाली लोंबतंय, डावीकडचा नळ उजवीकडे, शेजारच्या काकू छतावरून चालल्यासारख्या. रंग असे की डोळ्यांनी कधी बघितले नव्हते.
बराच वेळ शालीत होतो. कबूल करतो, सगळा वेळ झाडच बघत नव्हतो.

९ जानेवारी
भाता जमत नाही.
पुढची चौकट आणि मागची चौकट यांच्यामधला तो घडीचा भाग. बाहेरून रेक्झिन, आतून काळं अस्तर, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या. तिसऱ्यांदा केला. कोपऱ्यावर घडी एकमेकींच्या अंगावर येते आणि फाटते. आत बल्ब लावून पाहिलं तर चाळणी.
चिंचवडहून प्राचीचा फोन. लेक म्हणून सल्ला देते, आई असल्यासारखा. "बाबा, तुम्ही सरळ विचारा ना आईला, कधी येणार म्हणून." म्हटलं, कॅमेरा होऊ दे आधी. "कॅमेऱ्याचा काय संबंध?" विचारलं तर उत्तर मिळेल. ते ऐकायची माझी तयारी नाही. आत्ता निदान ती 'यायची आहे' असं म्हणता येतं.

१२ जानेवारी, रविवार
टाकवे. भात्याचे तुकडे पिशवीत. रविवारी कंपनीला सुट्टी, म्हणून डबे नाहीत.
शा.नं फाटका भाता हातात घेतला, उलटा केला, बोट घातलं. "ह्ये तुमी कोपऱ्यातनं सुरू केलं व्हय? निऱ्या कधी घातल्यात का जन्मात?" मग समजावलं. आधी मधली नीट धरायची, मग एक आत एक बाहेर, आणि शेजारच्या अंगाला त्याच्या उलट. "बायकांना इचारायचं ना." आबांच्या खोलीतलं शिवणयंत्र बाहेर काढलं. पायाने चालणारं.
मी पट्ट्या चिकटवून देत गेलो, ती दुमडत गेली. बोलणं फार नाही. "इकडं." "धरा." "सोडा न्हाईतर सुई जायील." तिच्या डाव्या मनगटावरचा तो उंचवटा अजून आहे, हाड थोडं तिरकंच जुळलं होतं. मला तो आतूनसुद्धा माहीत आहे.
दिवस मावळायच्या आत भाता झाला. ओढला की लांब होतो, सोडला की बसतो. कमलमावशी आली, म्हणाली, "लोहाराचं लगीन हाय का काय?"
वाटेत वाटत होतं की भाता अजून फाटला असता तर बरं. लिहून टाकलं. असो.
शा. म्हणाली पुढच्या वेळी पाटा-वरवंटा आणा. मिक्सरचं वाटण पोरांना आवडत नाही.

२४ जानेवारी
कॅमेरा उभा राहिला. खाली कपड्यांच्या स्टँडचे पाय. वलवणच्या मिस्त्रीकडून खाचा पाडून आणल्या, त्यात पुढची चौकट सरकते. दिसायला पेटी आणि पोपटाचा पिंजरा यांच्यामधलं काहीतरी.
पहिला फोटो: मागच्या दारातला गॅस सिलिंडर. तो हलत नाही म्हणून.
डेव्हलपर ओतायला ट्रे नव्हता. घेतली परात. न्हाणीत लाल दिवा, परातीत फिल्म, आणि सिलिंडर उमटला! गळ्यावरचे आकडेसुद्धा वाचता येतायत. एकटाच मोठ्यांदा ओरडलो. मग सांगायला कुणी नाही म्हणून फोन लावला. शा. कामात होती. "शिलिंडरचा काय फोटो काढायचा, भरलाय का रिकामा ते सांगा," म्हणाली.

२ फेब्रुवारी
पाटा-वरवंटा पोचवून आलो. वडापवाल्याने भाडं दोन माणसांचं घेतलं.
शा.: "आता परात आणा. मोठी. पीठ मळायला हितली पुरत न्हाई."
मी चहाची बशी पुसायला लागलो.
"काय झालं?"
सांगावं लागलं. ती जी चिडली, जी चिडली. "औशिद घातलं माज्या परातीत? आता मोहरीच्या डब्यात काय, उंदराचं औशिद घातलं असंल!" मोहरीचं नाव निघाल्यावर माझा चेहरा बदलला असणार. मग वाटीपण निघाली.
कमलमावशी पदर तोंडाला लावून मागे गेली.
तरी निघताना डब्यात पिठलं भरून दिलं. "चिडले म्हंजी उपाशी जावा आसं न्हाई."
कामशेतला उतरून नवी परात बघितली. पुढच्या वेळी नेईन.
आता घरात काय राहिलं? दोन ताटं, कुकर, तवा, चहाचं भांडं. स्वयंपाकघराच्या वाटण्या झाल्यासारख्या. अर्ध्यातून ती डबे करते, अर्ध्यातून मी हा डबा केला.

९ मार्च, रविवार
आज तिचा फोटो. ह्याच्यासाठी चौकट खाली काढली होती, दुसऱ्या कशासाठी नाही. मनाशी असंही ठरवलं होतं की फोटो झाला की विचारायचं. कधी येतेस.
लोकलमध्ये कॅमेरा चादरीत गुंडाळलेला, भाता बाहेर आलेला. समोरचे गृहस्थ, "पेटी का? कुठलं भजनी मंडळ?" म्हटलं, कॅमेरा आहे. त्यांना ते पटलं नाही. कामशेतपर्यंत म्हणत होते, "वाजवा की थोडी, लाजता कशाला."
नवी परात बघून शा.चा राग गेला. लाल साडी नेसून आली. सांगितलं, ह्या फिल्मला तांबडं दिसत नाही, काळं येईल. "यिऊ द्या काळं. मला ही आवडती."
ओट्यावर खुर्ची. सावली, म्हणजे चार सेकंद धरावे लागणार. आधी तिला शालीत डोकं घालून काच बघायची होती. मला खुर्चीत बसवलं. "जरा डावीकडं सरका. आवो, तिकडं न्हाई! थांबा थांबा, ह्यात उलटं दिसतंय. म्हंजी मी म्हनते त्येच्या उलटं सरका." एका मिनिटात तिला कळलं. मला काच घासल्यावर दोन दिवस लागले होते.
शालीतून बाहेर आली, शालीचं टोक चाचपून बघितलं. मग, "ही माजी शाल हाय." म्हटलं, हो. "बरं," म्हणाली.
मग ती खुर्चीत. मी काचेवर तिला नीट आणली. कॅसेट बसवली, वाटीला हात लावला आणि तोंडातून निघालं ते सवयीचं. "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."
तिने खरंच रोखला.
वाटी काढली. आणि बघत राहिलो. एवढ्या वर्षांत तिच्याकडे असं, ती समोर बसलीय आणि मला बघायची मुभा आहे, असं कधी बघितलं होतं? नाकाच्या बाजूला एक तीळ आहे. तो होता का आधीपासून? चार कधी झाले, दहा कधी झाले, कळलं नाही. 'सोडा' म्हणायचं राहिलंच. तिचा चेहरा लाल झाला, गाल फुगले आणि फस्सकन हसू फुटलं. "मारता का काय मला! पेशंट समजलं व्हय?"
कमलमावशी भिंतीला टेकून हसत होती. मीही हसलो. हसण्यात विचारायचं राहिलं.

१० मार्च
धुतली. जसं वाटलं तसंच. फिल्म उजेडाने जास्त भाजलीय आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. खुर्ची मात्र उत्तम, विणकामाची एकेक पट्टी मोजून घ्या. साडीच्या जागी फिल्म कोरी, म्हणजे छापली तर काळी. हात मांडीवर, ते बऱ्यापैकी आलेत. डावं मनगट ओळखू येतं.
दुसऱ्या खिडकीला चिकटवली. आता तिचे दोन फोटो झाले, दोन्हींत हातच.

२१ मार्च
दुपार जात नाही. कॅमेरा बैठकीत उभा, मी त्याच्यासमोर. पाहुण्यासारखा वाटतो. त्याला चहा विचारावासा वाटतो.
शा.चा फोन: मिसळणाचा डबा आणा, वाटीसकट. "तुमचं फोटू झालं ना आता?"
झाले नाहीत. म्हणजे वाटी नेली की हे संपलं. मग मी तिकडे जायला काय निमित्त काढू? बायकोला भेटायला नवऱ्याला निमित्त लागतं, हे लिहिताना लाज वाटतेय. पण खरं आहे.
शालनशिवाय हे घर मला नको झालंय. कर्ज काढून बांधलं, भिंतीला स्वतः पाणी मारलं, नळाला पाणी येतं, सगळं आहे. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की मीच दचकतो.

१४ एप्रिल
जयंतीला टाकव्याला. पांढरा शर्ट, पांढरी पँट. कॅमेरापण नेला. फिल्म दोनच, बाकीच्या खोक्याला ओल लागली होती. विहारापाशी निळे झेंडे, वंदना झाली, सगळ्यांना जय भीम झालं, खीर झाली. डबे बंद. शा. पांढऱ्या साडीत. म्हटलं, ही तरी पांढरी येईल.
म्हणाली, "आज मी काढनार. तुमी बसा."
"तुला कसं..."
"शिकवा. चाळीस डबं येळेवर भरते, ह्यो एक न्हाई व्हनार?"
शिकवलं. काच, कॅसेट, कॅसेटपुढचा पत्रा ओढायचा, वाटी. एकदा सांगितलं, पुन्हा विचारलं नाही.
मी ओट्यावर, बरोबर दारासमोर बसलो. दार लोटलेलं होतं. तिने जाऊन दोन्ही फळ्या सताड उघडल्या, वाऱ्याने लोटल्या जाऊ नयेत म्हणून खाली वीट लावली. मला वाटलं उकडतंय म्हणून. मग शालीत शिरली. आतून आवाज. "तिकडं सरका. अजून. अजून जरा. बास... न्हाई, अजून येवढं."
सरकत सरकत मी ओट्याच्या टोकाला आलो. म्हटलं, हिचं पुन्हा उलटं झालं, मध्ये आणायला बघतेय आणि बाहेर घालवतेय. सांगणार होतो. नाही सांगितलं. ती सांगतेय आणि मी सरकतोय, हे बरं वाटत होतं.
बाहेर आली. वाटीवर हात ठेवला. माझ्याकडे बघून, अगदी माझ्याच सुरात, शुद्ध कुसगावच्या बोलीत, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."
रोखला. तिने मोजलं, ओठ हलताना दिसले. वाटी लावली. तेवढ्यात आत दूध उतू गेलं, ती पळाली. 'सोडा' म्हणालीच नाही. मी आपला छाती भरून ओट्यावर. कमलमावशी म्हणाली, "जावयबापू, श्वास घ्या आता, का मुहूर्त बगताय?"
शेवटच्या वडापने परत. दुसरी फिल्म तशीच राहिली.

१५ एप्रिल
धुतली. पाणी फार गरम झालं होतं, बर्फ टाकावा लागला. डोळे मिटूनच बाहेर काढली म्हटलं तरी चालेल.
निगेटिव्ह वाचायला मला प्रिंट लागत नाही, जन्मभर तेच वाचलं.
सुरेख आलीय. कुठं हललं नाही. मी अगदी कडेला, खांबाला टेकून, शर्ट काळा, केस काळे नसूनही काळे. तरुण दिसतोय. आणि मधोमध दार. आतला अंधार निगेटिव्हमध्ये स्वच्छ राहतो, काही उमटत नाही तिथं. फिल्म खिडकीला लावली तर उन्हं नेमकी तिथूनच आत आली. त्या घराचं उघडं दार माझ्या बैठकीत लख्ख.
आता प्रश्न असा. चुकून झालं का? उलट दिसतं म्हणून मला कडेला घालवलं? पण ९ मार्चला तिनेच ओळखलं होतं, म्हनते त्येच्या उलटं सरका. आणि ती वीट?

१७ एप्रिल
फोन केला. फोटो चांगला आलाय म्हणालो.
"दार आलंय का उघडं?"
"आलंय."
"पुरं?"
"दोन्ही फळ्या. वीटसुद्धा दिसते."
"मग झालं तर." आणि ठेवला. भाजी करपत होती म्हणे.
दिवसभर त्याच्यावर. मी वाट बघत होतो ती कधी इकडच्या दारातून आत येते त्याची. दुसरं दार असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरजावई म्हणतील. ह्या वयात! नोकरीतले लोक हसतील, दादा असते तर बोलले नसते चार दिवस. आणि कुसगावचं घर? लिंबाला पाणी कोण घालणार?
पण ती मला राहा म्हणालीय कुठं? ती फक्त दार आलं का म्हणाली.

२० एप्रिल
प्राचीचा फोन. फोटोचं सांगितलं, दाराचं सांगितलं. वीट कुठं होती, ते तिने पुन्हा विचारलं. मग, "बाबा, आई काही उगाच वीट लावणाऱ्यातली नाही."
म्हटलं, वारं असेल. "असेल," म्हणाली. माझीच लेक, पण हे 'असेल' आईचं होतं.

२६ एप्रिल, शनिवार
उद्या टाकव्याला जायचं. संध्याकाळी नेहमीसारखं फोनवर विचारलं, "येताना काय आणू?"
म्हणाली, "आता न्हाई काई राहिलं तिकडं माजं."
"मिसळणाचा डबा?"
"त्यो आणा. पर त्येच्यासाटी येऊ नका."
एवढंच. एक्स-रे उलटा धरला तरी हाडं तीच दिसतात. डावं की उजवं, हे कळायला कोपऱ्यात शिशाचं अक्षर लावावं लागतं. ती बोलते त्याला अक्षर नसतं. तिकडं माझं काही राहिलं नाही, हे एका बाजूनं वाचलं तर कुलूप दिसतं. दुसऱ्या बाजूनं वाचलं तर दार दिसतं.
उद्या विचारणार. ह्या वेळी हसू आलं तरी विचारणार. कधी येतेस असं नाही विचारणार, तो प्रश्न चुकीच्या बाजूचा होता.
मिसळणाचा डबा भरला, मोहरी कपातून परत वाटीत. म्हणजे भिंगाला झाकण नाही, तिथं काळं फडकं बांधलं. उरलेली एक फिल्म कॅसेटमध्ये घातली. शाल घेतली. शेजारच्या काकूंना लिंबाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती दिवस, भाऊ?" म्हटलं, बघू.
दाढीचं सामान बाहेर काढून ठेवलंय, पिशवीत अजून टाकलेलं नाही. ब्रश ओला होता. खिडकीत, तिच्या हाताच्या फिल्मखाली, उभा करून ठेवलाय. सकाळपर्यंत वाळेल.